डाकोटाचं पोस्टर : आठवड्याच्या नोंदी

सोमवार
विषय ठरला : २७ ऑक्टोबर १९४७, भारतीय सैनिकांना घेऊन श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरून उभा डाकोटा (सी-४७ हे दोन इंजिनांचं मालवाहू विमान), दार उघडं. ही तारीख कागदाच्या कोपऱ्यात आधी लिहायची, कारण पुढचे निम्मे निर्णय तीच घेते. तेव्हा भारतीय हवाई दलाचं नाव रॉयल इंडियन एअर फोर्स होतं. हवाई दलाची खूण असलेलं केशरी-पांढरं-हिरवं वर्तुळ १९५० पासूनचं. ते पंखावर चढवलं की जाणकार तिथेच हसतो. २०१८ मध्ये ब्रिटनहून आलेलं ‘परशुराम’ हे डाकोटा विमान १९४७ च्या डाकोटाचा व्हीपी ९०५ हा क्रमांक आदरापोटी मिरवतं, पण त्याचा सांगाडा वेगळा आहे. त्याचे आजचे फोटो आकारासाठी चालतात, १९४७ च्या खुणांसाठी नाहीत.

मंगळवार
कागद ए-२, आडवा : ५९४ × ४२० मिमी. सी-४७ ची लांबी १९.४३ मीटर. १:४० प्रमाणात ४८६ मिमी, म्हणजे दोन्ही बाजूंना ५० मिमीहून जास्त मोकळं. १:३६ चा मोह होतो, पण मग दोन्ही बाजूंना जेमतेम २७ मिमी उरतात. पंखांचा विस्तार २९.११ मीटर, १:४० ला तो ७२८ मिमी होतो, कागदाबाहेर. म्हणून समोरून दिसणारं छोटं चित्र खाली, १:८० ला, ३६४ मिमी.

बुधवार
बाजूचं चित्र आधी आडव्या अक्षावर काढायचं, चाकं बाहेर काढलेली. मग सगळा गट एकत्र करून फिरवायचा, मुख्य चाक आणि शेपटाचं चाक एकाच वेळी जमिनीच्या रेषेला टेकेपर्यंत. कोन मोजायची गरज नाही. बहुतेक पोस्टरं इथेच फसतात : विमान उभं दाखवायचं, पण धड मात्र उडतानासारखं सरळ, आणि मागचं चाक हवेत लटकलेलं. उडतं विमान काढायचं असेल तर उलटी चूक होते : चाकं पूर्ण आत जातात असं समजून ती पुसली जातात. डाकोटाची मुख्य चाकं निम्मी बाहेरच राहतात.

मालाचं मोठं दार डाव्या अंगाला, मागे. तेव्हा नाक डावीकडे. मांडणी ‘छान दिसते’ म्हणून चित्र आरशासारखं उलटवलं की दार चुकीच्या अंगाला जातं, आणि ते नंतर कुणाच्या लक्षातही येत नाही.

गुरुवार
समोरून : मधला पंख सपाट, इंजिनांपलीकडचे भाग वर उचललेले. एकच लांब कमान काढली तर ते दुसरंच विमान होतं. इंजिन प्रॅट अँड व्हिटनी आर-१८३०, १४ सिलिंडर, सातांच्या दोन रांगा. पुढून सात ठसठशीत, मागचे सात फटींतून. नऊ सिलिंडर काढले की ते राइट सायक्लोन झालं. ते सुरुवातीच्या काही डीसी-३ वर (डाकोटाचं प्रवासी रूप) होतं. इंजिनाचा फिरता पंखा (प्रोपेलर) तीन पात्यांचा.

शुक्रवार
धातूचा रंग करड्यात भरला की विमान सिमेंटचं वाटतं. वर आकाशाचा फिका निळा, खाली मातीचा तपकिरी, मध्याच्या जरा खाली एक गडद पट्टा. पण सुकाणू (शेपटाचा उभा हलता भाग), एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेचे हलते भाग) आणि एलेव्हेटर (शेपटाचे आडवे हलते भाग) कापडाने मढवलेले. तिथे चकाकी नको, फक्त मंद रुपेरी. ही एक गोष्ट पाळली तरी चित्र जिवंत होतं. खिळ्यांचा नाद सोडावा : १:४० ला त्यांचा ठिपका मिलिमीटरहून खूपच लहान होतो, छपाईत धुळीसारखा दिसतो. पत्र्यांच्या सांध्यांची रेष ०.२ मिमी पुरे.

शनिवार
छपाईची फाइल ६०० × ४२६ मिमी (चहूबाजूंनी ३ मिमी कापण्यासाठी), ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके). करडा चार शाईंच्या मिश्रणातून बांधला की हिरवट किंवा गुलाबी झाक येते. तो काळ्यावरच बांधावा, थोडी निळी शाई घालून. कागद मॅट, २५० जीएसएम (चौरस मीटरला २५० ग्रॅम). चकचकीत कागदावर दिव्याची तिरीप चितारलेल्या चकाकीवर पडते आणि दोन्ही मरतात. आधी ए-४ नमुना, आणि तो दिवसाच्या उजेडात खिडकीशी धरून पाहायचा.