एकाच फोल्डरमध्ये दोन ‘शेतकऱ्यांची यादी’

साखर कारखान्यांच्या वार्षिक सभा जवळ आल्या की कोल्हापुरातल्या छापखान्यांत अहवालांची घाई सुरू होते. मी ज्या छापखान्याचे नेटवर्क सांभाळतो, तेथे डिझायनरचे मॅक एनएफएसने आणि टायपिंगचे विंडोज संगणक सांबा या सर्व्हरवरील प्रोग्रॅममार्फत एसएमबीने एकाच लिनक्स सर्व्हरला जोडलेले आहेत; एनएफएस आणि एसएमबी या नेटवर्कवरून फाइली वापरण्याच्या दोन पद्धती. दोन्ही वाटा एकाच फोल्डरला मिळतात, तेथेच नावांचे तंटे उभे राहतात.

मॅकच्या फाइंडरमध्ये (फाइली दाखवणाऱ्या खिडकीत) ‘15/9 सभा नोटीस’ असे नाव खुशाल देता येते; मात्र त्यातील तिरकी रेघ सर्व्हरवर कोलन म्हणून साठवली जाते, आणि विंडोजला नावात कोलन चालत नसल्याने सांबा त्या फाइलीचे टिल्डे (~) असलेले, कोंबलेले नाव पुढे करतो. मग ‘फाइल गायब झाली’ असा फोन येतो. सांबाचे कॅटिया मॉड्यूल (जोडभाग) अशा चिन्हांची अदलाबदल करून देते, तरी तारखेत डॅशच वापरावा असा माझा आग्रह असतो, कारण पेनड्राइव्हवर ते मॉड्यूल सोबत जात नाही. कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा तंटा देवनागरीत नाही, एवढे आपले नशीब.

आपला खरा घोळ ‘ऱ्या’चा आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-क्रमांकांच्या प्रमाण पद्धतीत, ऱ हे एकसंध अक्षर आहे, तसेच ते र आणि नुक्ता (खालचे टिंब) असे फोडूनही लिहिता येते. शिवाय काही कीबोर्ड र, हलन्त आणि अदृश्य जॉइनर (जोडचिन्ह) टाकून तोच आकार उमटवतात. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात, पण लिनक्स केवळ बाइट, म्हणजे साठवलेले आकडे, पाहत असल्याने त्याच्या लेखी ती तीन वेगळी नावे होतात. मॅकची जुन्या एचएफएस प्लस या साठवणपद्धतीची डिस्क नावे फोडूनच साठवते, त्यामुळे तिच्यावरून आलेली ‘शेतकऱ्यांची यादी’ आधीच्या यादीवर न बसता तिच्या शेजारी जाऊन बसते, आणि दुरुस्त्या निम्म्या इकडे, निम्म्या तिकडे होतात.

यावर मॅकमध्ये एनएफएस माउंट करताना, म्हणजे सर्व्हरचा फोल्डर जोडताना, ‘एनएफसी’ (युनिकोडचे एकसंध रूप) हा पर्याय द्यावा. नावे सर्व्हरकडे एकसंध रूपात जातात. आधीच साचलेल्या नावांसाठी ‘कॉन्व्हएमव्ही’ ही आज्ञा उपयोगी आहे. ती मुळात फक्त चाचणी दाखवते, नावे बदलत नाही, हे मला विशेष आवडते. जॉइनरचे रूप मात्र एनएफसीने सुधारत नाही. त्यासाठी वेगळी स्क्रिप्ट लागते. आणि एकसंध नावाची फाइल आधीच असेल, तर कोणती यादी ठेवायची हे यंत्रावर न सोडता प्रूफ तपासणाऱ्यालाच विचारावे.