सत्तेचाळीस वर्षांची आई

शुक्रवार, रात्री अकरा वाजून गेलेत

आई झोपली. दोन पायांमध्ये उशी, हाताशी देवघरातली घंटा. रात्री उठायचं झालं तर वाजव म्हटलं. झोप लागेपर्यंत तिने ती तीनदा वाजवून बघितली, मी येते का ते.

गेल्या शनिवारी सकाळी ती मागच्या दारात पडली, तेव्हापासून ही वही उघडली नव्हती. सहा दिवस मला नावही नव्हतं. मिरजेच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात "चारशे बाराचे नातेवाईक!" अशी हाक आली की मी उठायचं. एकटी बाई, पण हाक कायम अनेकवचनी.

आजचा दिवस आजच लिहायला हवा. उद्या राग उतरलेला असेल.

साडेनऊला डॉक्टर आले, टाके बघितले, म्हणाले, "आजी, आज घरी. पण खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, वॉकरशिवाय पाऊल टाकायचं नाही." आईने लगेच वेणी घालून घेतली. दहाला सिस्टरने सलाईनची सुई काढली. मी पिशव्या भरल्या आणि पुण्याला दादाला फोन करून सांगितलं, बारापर्यंत घरी पोचतो. काय पण माझा शहाणपणा.

डॉक्टरांनी घरी जा म्हटलं की पेशंट बसून राहतो आणि कागद चालायला लागतात. आधी समरी, म्हणजे आजार-उपचारांचा डिस्चार्जचा कागद, टाइप होणार. मग वॉर्डात उरलेली इंजेक्शनं फार्मसीत परत जाणार, त्यांचे पैसे वजा होणार. मग फायनल बिल. मग ते सगळं तळमजल्यावरच्या इन्शुरन्स डेस्कवरून टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीचं काम बघणाऱ्या मधल्या एजन्सीकडे. तिथून मंजुरी आली की गेटपास. गेटपास दाखवल्याशिवाय वॉचमन व्हीलचेअर दाराबाहेर सोडत नाही. आज समरीच साडेबाराला हातात आली.

बाकावर माझ्या शेजारी जतच्या पुढच्या एका गावची बाई होती, उमदीच्या बाजूची. नवऱ्याची अँजिओप्लास्टी झालेली. तिचं मराठी कानडी चालीवर आणि माझं कानडी "ऊटा आयता?" एवढंच, पण चार दिवस त्यावर भागलं. ती तेवढं विचारायची आणि मी हो म्हटलं तरी भाकरीचा तुकडा पुढे करायची. ते महात्मा फुले योजनेत, म्हणजे सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेत आलेले. पहिल्या दिवशी तिच्या केशरी रेशनकार्डाचे झेरॉक्स काढून आणायला मीच गेले होते. मनात थोडं 'बिचारी' असंही आलं होतं, खोटं कशाला बोलू. योजनेत पूर्वी दीड लाखापर्यंत खर्च मिळायचा, आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख. आज दुपारी एकला योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राने तिच्या कागदांवर सह्या घेतल्या आणि ती दोघं निघालीसुद्धा. जाताना मलाच म्हणाली, "तुमचं अजून व्हायचंय काय?" चौदा वर्षं न चुकता हप्ता भरणारी मी बसून होते आणि तिने उरलेल्या दोन भाकऱ्या माझ्या हातात ठेवल्या.

तेव्हा बसल्या बसल्या फोनवर शोधलं. विमा नियामक आयआरडीएआयने मे २०२४ मध्ये सांगून ठेवलंय की कॅशलेसमध्ये, म्हणजे कंपनी बिल थेट हॉस्पिटलला देते तेव्हा, डिस्चार्जची मंजुरी तीन तासांच्या आत द्यायची, आणि उशिरामुळे हॉस्पिटलने जादा पैसे लावले तर ते विमा कंपनीने सोसायचे. मी तावातावाने डेस्कवर गेले. तिथला मुलगा फार तर चोवीसचा. त्याने मान हलवली. "बरोबर आहे मॅडम. पण ते तीन तास आम्ही रिक्वेस्ट पाठवल्यापासून." रिक्वेस्ट गेली होती पावणेदोनला. साडेनऊ ते पावणेदोन हे सव्वाचार तास मग कुणाच्या खात्यात धरायचे? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मीही जास्त ताणलं नाही, त्याचा डबा टेबलावर तसाच बंद होता.

सव्वातीनला त्यानेच बोलावलं. क्वेरी आली होती. "पेशंटचं वय जुळत नाही."

आता ही वयाची भानगड. शनिवारी कॅज्युअल्टीत घाईघाईने नोंद करताना कुणीतरी ७४ चे ४७ केले. मनगटावरच्या पट्टीवर तेच छापून आलं. मी त्याच रात्री सिस्टरला दाखवलं, ती म्हणाली बदलून घेऊ. रविवारी दुसऱ्या सिस्टरला दाखवलं, तीही म्हणाली बदलून घेऊ. सोमवारी ऑपरेशन होतं, खुब्याचा बॉल बदलायचा होता, तेव्हा वय कोण बघतो! आई मात्र खूष. भूलतज्ज्ञ तपासायला आले तेव्हा त्यांच्यापुढे मनगट धरून म्हणाली, "बघा, तुमच्याच कागदावर आहे." विम्याचा पहिला फॉर्म मी हाताने भरलेला, त्यात जन्मतारीख बरोबर. समरी कॉम्प्युटरमधून निघाली, तिच्यात ४७. माझीही चूक आहेच. साडेबाराला समरी हातात आली तेव्हा औषधांची यादी तेवढी वाचली, वरची ओळ वाचलीच नाही.

दुरुस्तीवर डॉक्टरांची सही हवी आणि डॉक्टर ओटीत, दुसऱ्या कुणाच्या तरी गुडघ्यावर. दादाचा फोन आला, "मी बोलतो त्यांच्याशी." पुण्यातून सगळे बोलतातच.

वर गेले तर आईचा दरबार भरलेला. भेटायची वेळ पाच ते सात, एका पासावर एकच माणूस, पण तासगावचे मामा काय करतात देव जाणे, पाच जणांना घेऊन येतात. सोबत बेदाण्याचा पुडा, वॉचमनला त्यातलाच एक. आल्या आल्या सगळ्यांचा एकच प्रश्न, पडलात कशा? शनिवारी आई फरशी ओली होती म्हणून पडली होती. सोमवारी बादली पायात आली. बुधवारी गोष्टीत मांजर शिरलं. आज ते मांजर काळं होतं आणि आई त्याला वाचवायला गेली होती. आमच्याकडे मांजर नाही.

मामींना हॉस्पिटल फार आवडलं. लिफ्ट, कॉफीचं मशीन, काचेचे दरवाजे. आईला त्याचं काही नाही. तिचं म्हणणं, मिरजेला दवाखाने काय नवे आहेत का? तिचा स्वतःचा जन्म मिशनमधला, म्हणजे वानलेस हॉस्पिटलातला. डॉ. वानलेस यांनी ते १८९४ मध्ये उभं केलं. तेव्हापासून कर्नाटकातूनसुद्धा माणसं रेल्वेने मिरजेला उतरतात ती औषधपाण्यासाठीच. आईची आई सांगायची, तिथे पेशंटबरोबर आख्खं घर यायचं आणि आवारात चुली मांडून स्वयंपाक करायचं. हे सांगून आई हळूच म्हणाली, "तिथं पास नव्हता लागत." मामांनी वॉचमनची बाजू घेतली. साहजिकच आहे.

पावणेसहाला सही झाली. कागद परत गेले. सात वाजून पाच मिनिटांनी मंजुरी आली, त्यातून ग्लोव्हज, कापूस, रजिस्ट्रेशन असले ११,४६० रुपये वजा. ते मी भरले. खोली विम्याच्या मर्यादेत बसणारीच घेतली होती, नाहीतर नुसतं खोलीचं भाडं जास्त झालं तरी बाकीच्या बऱ्याच बिलालाही त्याच प्रमाणात कात्री लागते. हे मला शाळेतल्या एका बाईंनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, त्यांचे हात पोळले होते. त्यांना उद्या फोन करायचाय.

गाडीत सीटवर दोन उशा टाकून आईला बसवलं. विश्रामबागच्या चौकात सिग्नलला थांबलो तर म्हणाली, भडंग घे. म्हटलं, आधी घर. गप्प बसली. मग मीच उतरून घेतलं.

घरी आल्यावर जतकडच्या त्या बाईच्या दोन भाकऱ्या दुधात कुस्करल्या. आई एक, मी एक. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तीही तिथे नातेवाईकच होती.

झोपताना कात्री घेऊन आईच्या मनगटावरची पट्टी कापायला गेले, तर तिने हात पदराखाली ओढून घेतला.

"राहू दे गं. उद्या नलू यायचीये."

नलूमावशी तिच्याहून सहा वर्षांनी लहान आहे.