कंसांचा अल्बम : प्रतिक्रिया कुठवर आल्या आणि रिव्ह्यूचं काय झालं

तर मंडळी, एक अल्बम ऐकून कुणाला काय वाटलं याच्या प्रतिक्रिया गोळा करायच्या आणि त्यावरून मी माझा रिव्ह्यू लिहायचा, हा आपला उद्योग बराच पुढे सरकलाय म्हणून ही नोंद टाकतोय. अल्बम तोच, आइसलँडच्या सिगूर रोस या बॅण्डचा २००२ चा, ज्याचं नाव म्हणजे नुसते दोन कंस, ( ).

उजळणी म्हणून पटकन सांगतो. आठ ट्रॅक, अल्बमवर एकालाही नाव दिलेलं नाही, सगळे मिळून जवळपास ७२ मिनिटं. बॅण्डचा गायक योन्सी गातो पण त्या गाण्याला अर्थ असलेले शब्द नाहीत, सुरात बसतील असे नुसते उच्चार आहेत. आणि सीडीबरोबर जी पुस्तिका येते तिची पानं कोरी, ऐकणाऱ्याने स्वतःला जे वाटेल ते त्यावर लिहावं म्हणून. मी हाच अल्बम धरून बसलो त्याचं कारण हेच, प्रतिक्रियेसाठी बॅण्डनेच जागा मोकळी सोडलीये, अजून काय पाहिजे आपल्याला.

मित्रमैत्रिणींचे दोन गट केलेत. एका गटाने आधी दोन-तीन रिव्ह्यू वाचायचे आणि मग ऐकायचं, दुसऱ्याने काहीही न वाचता थेट हेडफोन लावायचे. लिहायच्या दोनच गोष्टी, नेमकं कुठल्या मिनिटाला तुम्हाला काहीतरी झालं आणि तेव्हा डोळ्यासमोर काय आलं.

आता जे हाती आलंय ते मला फार महत्त्वाचं वाटतं. रिव्ह्यू वाचून आलेल्यांच्या कागदावर बर्फ, हिमनदी, धुकं, परत बर्फ. बॅण्ड आइसलँडचा म्हटल्यावर लिहिणारे पहिल्या परिच्छेदातच हिमनदी आणतात आणि ती वाचणाऱ्याच्या डोक्यातून शेवटपर्यंत हलत नाही. न वाचलेल्यांच्या कागदावर बर्फ औषधालाही नाही! एकीला तिसऱ्या ट्रॅकला शाळा सुटल्यावरचा रिकामा जिना दिसला, एकाला आजोबांच्या आजारपणातली हॉस्पिटलमधली रात्र आठवली आणि त्याला मध्येच थांबावं लागलं, एकाने लिहिलंय की दिसलं काहीच नाही पण घसा दाटून आला. चित्रं अशी दहा दिशांना, पण गंमत म्हणजे मिनिटं जुळतात. त्या तिसऱ्या ट्रॅकमध्ये गाणं नाहीच, तीच ती छोटी चाल फिरत राहते, खाली ऑर्गन भरून असतो, आणि पुढे जाऊन पियानो वरच्या सप्तकात चढतो, तिथे दोन्ही गटांतल्या लोकांनी खूण केलीये. म्हणजे काय झालं हे संगीत ठरवतं, कशाबद्दल झालं हे ज्याचं त्याचं. रिव्ह्यूने पहिली गोष्ट सांगावी आणि दुसरीला हात लावू नये, या मतावर मी आता ठाम झालोय.

मधल्या शांततेबद्दल वेगळं लिहायलाच हवं. चौथा ट्रॅक संपल्यावर ३६ सेकंद काहीही नाही, आणि मग पाचव्यापासून अल्बमचा जड, काळोखा अर्धा भाग सुरू होतो. ज्यांना हे माहीत नव्हतं त्यांच्यातल्या एकीने हेडफोन काढून बघितले, एकाने आवाज वाढवला, आणि एक मैत्रीण लिहिते की त्या वेळात तिला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला आणि पाचवा सुरू झाला तेव्हा तो बाहेरून आल्यासारखा वाटलाच नाही. ज्यांनी वाचलं होतं ते मात्र सेकंद मोजत बसले. मोजलेली शांतता आणि अवचित आलेली शांतता यात फरक आहे हो! (आत्ता मी इथे आकडा सांगितला कारण तुम्ही सगळ्यांनी हा अल्बम कोळून प्यायलाय, नवख्या माणसाला मी सांगणार नाही.)

याच्याशीच जोडलेली एक तांत्रिक गोष्ट, सगळ्यांनी कृपया तपासा. प्लेयरमध्ये क्रॉसफेड चालू असेल तर एका ट्रॅकचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात एकमेकांवर चढतात आणि जिथे बॅण्डने मुद्दाम रिकामी जागा ठेवलीये तिथेच घोळ होतो. आणि व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन (प्लेयरने आवाज आपोआप एका पातळीवर आणणं) प्रत्येक ट्रॅकला वेगळं लागत असेल तर हळू ट्रॅक वर उचलला जातो, मोठा खाली दाबला जातो, मग अख्ख्या अल्बमची चढण सपाट होते आणि लोक म्हणतात की यात काही घडतच नाही. नॉर्मलायझेशन एकतर अल्बमप्रमाणे ठेवा नाहीतर सरळ बंद करा. एका मित्राने हे बदलून परत ऐकलं आणि त्याच्या आधीच्या कागदावर एकही खूण नव्हती तिथे आता चांगल्या चार-पाच आहेत.

सातव्या ट्रॅकवर मतं फुटलीत. बरोबर १३ मिनिटांचा आहे, आणि तिघांनी स्वच्छ लिहिलंय की कंटाळा आला. मला तो अतिशय प्रिय आहे तरीही ही नोंद मी तशीच ठेवणार, कारण आठव्याच्या शेवटी ड्रम जे उसळतात त्याचा सगळ्यात जास्त परिणाम याच तिघांवर झालाय. आमचा ड्रमर मित्र म्हणतो की तिथे नुसता आवाज वाढत नाही, ठोके दाट होत जातात, झांजा मधली सगळी हवा भरून टाकतात, म्हणून अंगावर येतं. हे वाक्य मी माझ्या रिव्ह्यूत त्याला विचारून घेतलंय.

रिव्ह्यूच नकोत असं मी अजिबात म्हणत नाहीये. असल्या संगीताला 'पोस्ट-रॉक' म्हणतात, आणि हे नाव रुळलं तेच मुळी समीक्षक सायमन रेनॉल्ड्सने १९९४ मध्ये 'मोजो' मासिकात बार्क सायकोसिस या बॅण्डच्या 'हेक्स' अल्बमवर लिहिलेल्या रिव्ह्यूपासून. त्याआधी १९९१ मध्ये संगीतकार आणि ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनीने 'मेलडी मेकर' या संगीत साप्ताहिकात स्लिंट या बॅण्डच्या 'स्पायडरलँड' अल्बमला दहा तारे दिले, बॅण्ड तोवर फुटलासुद्धा होता, आणि आज तो अल्बम या प्रकाराचा पाया म्हणून ऐकला जातो. लिहिणाऱ्यांनी कान तयार केलेत, हे मानायलाच पाहिजे.

माझ्या रिव्ह्यूचा नवा खर्डा तयार आहे. त्यातून सगळी निसर्गचित्रं काढलीत. कुठलं वाद्य कधी येतं, किती वेळ धीर धरायचा, सेटिंग काय ठेवायचं, आणि दुसरा अर्धा भाग रात्री उशिरा एकट्याने ऐकावा की नाही (माझं मत, मन आधीच खचलेलं असेल तर नको), एवढंच ठेवलंय. हा खर्डा वाचून ऐकलेल्या पहिल्या दोन कागदांवर बर्फ नाही, एकावर बंद पडलेली गिरणी आहे आणि दुसऱ्यावर बहिणीचं लग्न, मला प्रचंड आनंद झालाय!

पुढचा अल्बम 'हेक्स' घेतोय. ज्यांनी तो अजून ऐकलेला नाही त्यांनी कृपया त्याच्याबद्दल काहीही न वाचता ऐका आणि खुणा मिनिटांसकट पाठवा, ज्यांनी ऐकलाय त्यांनी पहिल्यांदा कुणाच्या सांगण्यावरून ऐकला होता तेवढं आधी लिहा.