तळण कशातलं आहे, ते आधी विचारा

बेल्जियममध्ये आल्यावर पहिले तीन आठवडे मी जवळजवळ रोज संध्याकाळी बटाट्याच्या फ्राइज खाल्ल्या. घर अजून लागायचं होतं, कुकर आणि कढया सांगलीहून यायच्या होत्या, नोव्हेंबरचा पाऊस हटायला तयार नव्हता, आणि ल्यूवेनमधल्या आमच्या गल्लीच्या टोकाला एक फ्रितूर होतं. फ्रितूर म्हणजे फ्राइजची टपरी. कागदाचा कोन, त्यात बोटाएवढ्या जाड फ्राइज आणि वर मेयोनेजचा गोळा. बटाटा तो बटाटा, त्यात विचारायचं काय? चौथ्या आठवड्यात ऑफिसातल्या मैत्रिणीला मी कौतुकानं म्हटलं, "तुमच्या फ्राइजना काही वेगळीच चव असते." ती अभिमानानं म्हणाली, "असणारच. बैलाच्या चरबीत तळतात ना!"

मी अंडी, मासे, मटण सगळं खाते, बीफ मात्र नाही. हातातला कॉफीचा कप तसाच खाली ठेवला. आईला हे अजून सांगितलेलं नाही. ती हे वाचतेच, म्हणजे आज कळेल.

तर इकडे फिरायला येणाऱ्यांनी पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती ही. बेल्जियन फ्राइज परंपरेनं बीफच्या चरबीत तळतात. सगळीकडे नाही, वनस्पती तेल वापरणारी दुकानंही भरपूर आहेत, पण पाटीवर ते लिहिलेलं असेलच असं नाही. "प्लांतआर्दिख?" एवढा एकच शब्द विचारायचा, म्हणजे वनस्पतीजन्य का? ब्रसेल्समध्ये किंवा फ्रेंच बोलणाऱ्या वालोनियात "वेजेताल?" म्हणायचं. कोणी रागावत नाही. दुसरा सापळा सॉसचा. फ्राइजवर घट्ट तपकिरी रस्सा ओतलेला दिसला, की आपल्याला मिसळीचा कट आठवून तोंडाला पाणी सुटतं. तो स्तोफव्हलेसचा, म्हणजे गडद बिअरमध्ये तासन् तास शिजवलेल्या बीफचा रस्सा असतो. त्यापेक्षा सामुराई सॉस मागा. नाव जपानी असलं तरी आहे ते तिखट मेयोनेज, आणि या देशात 'तिखट' हा शब्द ज्याला शोभेल असे पदार्थ फार थोडे आहेत. सॉसचे पैसे वेगळे लागतात, तेव्हा कुरकुर करू नका.

चरबी बाजूला ठेवली, तर या लोकांची फ्राइजवरची निष्ठा बघण्यासारखी आहे. बटाटा बहुतेक बिंत्ये जातीचा. तो दोनदा तळायचा: आधी दीडशे-एकशेसाठ अंशांवर, आतून शिजेपर्यंत. मग बाहेर काढून गार होऊ द्यायचा, आणि गिऱ्हाईक समोर आलं की पुन्हा एकशेऐंशीच्या आसपास, कुरकुरीत होईपर्यंत. म्हणून टपरीसमोर थांबावं लागतं आणि कोणी घाई करत नाही. पावसात, छत्री धरून, सूटबूट घातलेला माणूसही निमूट रांगेत उभा असतो. ब्रसेल्सच्या जूर्दां चौकात १९४८ पासून चालणारी 'मेझों आंत्वान' ही टपरी आहे; तिची रांग युरोपियन संसदेच्या कर्मचाऱ्यांनाही चुकत नाही. आजूबाजूचे बार 'तुमच्या फ्राइज इथे बसून खा' अशी पाटी लावतात, फक्त पेय त्यांच्याकडचं घ्यायचं. डच बोलणाऱ्या फ्लँडर्सनं २०१४ मध्ये या टपरी-संस्कृतीला अमूर्त वारशाचा दर्जा दिला, आणि पाठोपाठ देशातल्या बाकीच्या भाषिक समाजांनीही. ज्या देशात डच आणि फ्रेंच बोलणाऱ्यांचं सरकार बनायला कधीकधी वर्षाहून जास्त काळ लागतो, तिथे सगळ्यांचं एकमत झालं ते तळलेल्या बटाट्यावर! आणि हो, 'फ्रेंच फ्राइज' म्हणू नका. मी एकदा म्हटलं होतं. म्यूज नदी गोठली, मासे मिळेनात, म्हणून बायकांनी बटाटेच माशांच्या आकारात कापून तळले, ही फ्राइजच्या बेल्जियन जन्माची गोष्ट मला मग सविस्तर ऐकावी लागली. इतिहासकार ती मानत नाहीत, हे मी नंतर वाचलं. तेव्हा गप्प बसले ते बरं झालं.

गेल्या वर्षी आई-बाबा दोन महिने राहायला आले, तेव्हा खरी परीक्षा झाली. बाबा बीफ सोडून सगळं खाणारे, आई पक्की शाकाहारी. (केकमधलं अंडं 'दिसत नाही' म्हणून चालतं, यावर आमच्या घरात चर्चा होत नाही.) आमच्या गल्लीतल्या फ्रितूरवरून जाताना मी एवढंच म्हणायची, "इथल्या नको, स्टेशनपलीकडच्या जास्त चांगल्या असतात."

पहिल्याच रविवारी आम्ही दुपारी तीन वाजता जेवायला बाहेर पडलो आणि उपाशी परत आलो. इथल्या बऱ्याच रेस्टॉरंटांचं स्वयंपाकघर दोन-अडीचला बंद होतं ते थेट सहाला उघडतं. मधल्या वेळात टेबलं, खुर्च्या, वेटर, बिअर सगळं असतं, फक्त जेवण नसतं. दारावर 'दोरलोपंद केउकन' म्हणजे 'अखंड स्वयंपाकघर' असं लिहिलं असेल तरच अवेळी आत शिरायचं. दुपारी बाहेर जेवायचं असेल तर फळ्यावर लिहिलेला 'दाखस्खोतल', म्हणजे आजचं ताट, स्वस्त पडतो आणि ताजा असतो.

बाबांना सगळ्यात जास्त खटकलं ते पाणी. आपल्याकडे हॉटेलात बसलं की आधी पाण्याचे ग्लास आदळतात. इथे पाणी विकत, आणि कधीकधी बिअरपेक्षा महाग. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, पण रेस्टॉरंटात ते मागितलं तर बहुतेक ठिकाणी मिळत नाही. वेटर विचारतो, साधं की बुडबुड्यांचं? लोक 'स्पा' या ब्रँडच्या नावानंच पाणी मागतात: निळं म्हणजे साधं, लाल म्हणजे बुडबुड्यांचं. बाबांनी रंग बघून लाल मागवलं आणि पहिल्या घोटाला "हा सोडा आहे" म्हणून जाहीर केलं. ज्या स्पा गावाचं ते पाणी, त्याच गावावरून जगभरच्या 'स्पा'ला नाव पडलं, हे सांगूनही त्यांचा राग गेला नाही. टिपेचं मात्र त्यांना पटलं. सेवेचे पैसे बिलातच धरलेले असतात, त्यामुळे टीप देण्याची सक्ती नाही. फार तर वरची नाणी ठेवून उठायचं. बिल मागितल्याशिवाय कोणी आणत नाही. दोन तास बसा, कोणी तुमच्याकडे वाकड्या नजरेनं बघणार नाही. कॉफी मागवली की बशीत एक बिस्किट किंवा चॉकलेटचा तुकडा येतोच. आईला त्यातलं दालचिनीच्या चवीचं स्पेक्युलोस इतकं आवडलं की ती आमच्याही बशांतली गोळा करायला लागली. भारतात हल्ली जे बिस्कॉफ म्हणून मिळतं ते हेच. इथे ते मुळात सहा डिसेंबरच्या सेंट निकोलसच्या सणाचं बिस्किट, पण आता बारा महिने चालतं.

शाकाहारी माणसाची उपासमार होते का? होत नाही, पण मेनूवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. चीज क्रोकेट, म्हणजे 'कासक्रोकेत', जवळजवळ कुठेही मिळतं: बाहेरून ब्रेडचा चुरा, आत वितळलेलं चीज, बरोबर लिंबाची फोड. त्याच्याच शेजारी तस्सं दिसणारं कोळंबीचं क्रोकेट असतं. ऑर्डर देताना दोनदा सांगा. स्तुंप म्हणजे गाजर, कोबी किंवा पालक घालून कुस्करलेला बटाटा, छान लागतो, पण त्यात बेकनचे तुकडे नाहीत ना, ते विचारा. विटलोफ नावाची पांढरी, किंचित कडू भाजी ही बेल्जियमची खास ओळख. अंधारात वाढवतात म्हणून ती पांढरी राहते. घरोघरी ती सॉस आणि चीजखाली भाजतात, पण त्याआधी प्रत्येक कोंबाला हॅमची घडी गुंडाळतात. आईला मी ती घरी करून घातली, हॅम वगळून. "कारल्याची बहीण दिसते," म्हणाली, आणि सगळी संपवली.

गेन्टला मात्र तिला मानाची वागणूक मिळाली. या शहरानं २००९ पासून आठवड्यातला एक दिवस शाकाहाराचा म्हणून जाहीर केला आहे, आणि तो दिवस आहे गुरुवार! आमच्या घरात गुरुवार दत्ताचा. आईनं यात योगायोग आहे असं मानायला साफ नकार दिला.

त्याच गेन्टमध्ये बाबांचा बूट जप्त झाला. शुक्रवार-बाजाराच्या चौकात 'दुल्ल ख्रीत' नावाचा जुना पब आहे. तिथली घरची बिअर लिटरभराहून मोठ्या, लाकडी स्टँडवर उभ्या राहणाऱ्या ग्लासात येते, आणि लोक ते ग्लास पळवतात म्हणून अनामत म्हणून एक बूट काढून द्यावा लागतो. टोपलीत घालून तो दोरीनं छताशी चढवतात. बाबा सांगलीत बँकेत नोकरी केलेले, तारण ठेवून कर्ज देण्याचा त्यांना तीस वर्षांचा अनुभव. एका पायात मोजा घालून ते तासभर समाधानानं बसले होते.

बिअरबद्दल बोलायचं तर इथे तिचा थाट आपल्याकडच्या गाण्याच्या घराण्यांसारखा आहे. प्रत्येक बिअरचा ग्लास वेगळा. तो ग्लास धुवायला गेला असेल, तर 'दुसऱ्यात चालेल का?' असं विचारणारे वेटर मी पाहिलेत, चेहऱ्यावर अपराधी भाव घेऊन. ट्रॅपिस्ट हे ख्रिस्ती साधूंच्या एका पंथाचं नाव फक्त मठाच्या आवारात, साधूंच्या देखरेखीखाली बनलेल्या बिअरलाच लावता येतं, आणि नफा मठाच्या गरजा भागवून समाजकार्याला जातो. वेस्टव्लेतरनच्या मठातून ती घ्यायची तर पूर्वी आगाऊ फोन करून, गाडीचा नंबर नोंदवून, ठरल्या दिवशी जावं लागायचं. २०१९ पासून ऑनलाइन नोंदणी सुरू झाली. जपून, यांतल्या काही बिअर वाइनच्या जवळ जातील इतक्या कडक असतात, पिताना मात्र कळत नाही. मला स्वतःला सगळ्यात नवल वाटलं लांबिक नावाच्या बिअरचं. ब्रसेल्सजवळच्या सेन नदीच्या खोऱ्यात थंडीच्या महिन्यांत धान्याचा गरम रस उथळ, पसरट हौदात रात्रभर उघडा ठेवतात. यीस्ट घालत नाहीत. हवेतून येईल ते येईल. मग लाकडी पिंपांत एक, दोन, तीन वर्षं. ब्रसेल्सच्या आंदरलेख्तमधली १९०० सालची कांतियों ब्रुअरी अजून अशीच बनवते आणि बघायलाही देते. चव आंबट, अगदी दात आंबवणारी. पहिला घोट आवडलेला माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि तिसरा घोट नको म्हणणाराही. यीस्ट न घालता पीठ फुगायची वाट बघणाऱ्या आपल्या बायकांना हे शास्त्र वेगळं समजवावं लागत नाही. पिण्याआधी डोळ्यांत बघून "स्खोल" किंवा "सांते" म्हणायचं.

शिंपल्यांविषयी फक्त कोकणातल्यांसाठी: काळ्या मसल्सचं भांडं माणशी किलोभराचं येतं, सेलरी आणि कांद्यात वाफवलेलं, बरोबर फ्राइज. काटा वापरू नका. पहिला शिंपला खाऊन झाला की तोच रिकामा शिंपला चिमट्यासारखा धरून बाकीचे उचलायचे. माल बहुतेक शेजारच्या हॉलंडमधल्या झेलंडचा असतो, पण हे बेल्जियन माणसाला सांगायची गरज नाही.

चॉकलेट आणि वॉफलवर सगळेच लिहितात, म्हणून दोनच गोष्टी. भरलेलं चॉकलेट, ज्याला इथे प्रालीन म्हणतात, ते १९१२ मध्ये ब्रसेल्सच्या नॉयहाउस दुकानात जन्मलं. त्या दुकानाची सुरुवात औषधं विकण्यापासून झाली होती. प्रालीन सुटे, वजनावर घ्या, एकेक निवडून. काहींत दारू असते, विचारून घ्या. आणि वॉफल: ब्रसेल्सचं चौकोनी, हलकं, वर फक्त पिठीसाखर, लिएजचं जाड, आत मोतीसाखरेचे खडे जळून कॅरॅमल झालेले. क्रीम, स्ट्रॉबेरी आणि चॉकलेटचा डोंगर रचलेलं जे वॉफल चौकाचौकांत दिसतं, ते पर्यटकांसाठी.

रविवारी सकाळी बेकरीची रांग मात्र चुकवू नका. पिस्तोले नावाचे गोल, कडक कवचाचे पाव त्या दिवशी घरोघरी लागतात. आमच्या शेजारच्या ब्याऐंशी वर्षांच्या आजी आमच्यासाठीही चार आणतात. आई आल्याचं कळल्यावर त्या रेइस्तपाप घेऊन आल्या: दुधात शिजवलेला तांदूळ, केशर घालून पिवळाजर्द, गार केलेला, वर तपकिरी साखर भुरभुरवलेली. फ्लँडर्समध्ये म्हण आहे, की स्वर्गात रेइस्तपाप सोन्याच्या चमच्यानं खातात. आजींनी ती ऐकवली, मी भाषांतर केलं. आईनं दोन चमचे खाल्ले, मला म्हणाली, "विचार त्यांना, स्वर्गात वेलदोडा मिळत नाही का?"

दुसऱ्या दिवशी तिनं खीर करून वाटी शेजारी पोचवली. संध्याकाळी आजी रिकामी वाटी घेऊन दारात उभ्या, धुऊन पुसून, आत चार वॉफल ठेवलेली. पुढच्या महिन्यात मी सांगलीला जातेय. त्यांनी शंभर ग्रॅम वेलदोडे आणायला सांगितलेत, हिरवे.