११७६ची दुरुस्ती, हप्ता चौथा: पावसात रिलीज पळाला

मागच्या हप्त्यात मी ऐटीत लिहिलं होतं की डबा चालू झाला, सुई हलली, आता बायस (आवाज दाबणाऱ्या भागाची सुरुवातीची पातळी) लावायचा आणि रेकॉर्डिंगला बसायचं. त्याला अडीच महिने झाले. बसलो, उठलो, परत उघडून बसलो.

नव्यांसाठी थोडक्यात. ११७६ म्हणजे स्टुडिओतला कॉम्प्रेसर, चढलेला आवाज आपोआप दाबणारा डबा. मुंबईतला एक स्टुडिओ बंद झाला, त्याच्या सामानातून युरेईचा ११७६एलएन इंदूरला माझ्या रामबागेतल्या खोलीत आला. काळ्या तोंडाचा, एफ रिव्हिजन (आवृत्ती). म्हणजे इनपुटला अजून ट्रान्सफॉर्मर आहे (पुढच्या जी रिव्हिजनमध्ये तो गेला) आणि आउटपुट पुश-पुल, म्हणजे दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीने सिग्नल ढकलतात. किंमत लिहीत नाही, घरचेही हे वाचतात. उघडला तर व्होल्टेजचा सिलेक्टर ११५वर आणि फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली! थेट २३०मध्ये खुपसला असता तर ट्रान्सफॉर्मरचा धूर झाला असता. सिरीज बोर्डावर (विजेच्या वाटेत बल्ब जोडलेला बोर्ड) लावला, साठचा बल्ब भक्कन पेटून तसाच राहिला, तेव्हा कळलं. जुना विदेशी माल घेणाऱ्याने आधी होल्डर, बल्ब आणि दोन वायरी घ्याव्यात, ऑसिलोस्कोप नंतर.

मग जोशात सगळे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदलले. सगळेच बदलतात म्हणून. काढलेले नंतर ईएसआर मीटरवर (कंडेन्सर वाळलाय का ते सांगतो) एकेक लावून पाहिले, तर पॉवर सप्लायचे दोनच वाळलेले होते, बाकीचे ठणठणीत. दोन बदलायचे होते, मी सगळा बोर्ड सोलला. ३० व्होल्टच्या लाइनवरची १०० हर्ट्झची घरघर त्या दोघांनीच गेली असती. ही घाई पुढे महागात पडली.

बायस मे महिन्यात लावला. हे काम मला फार आवडलं, म्हणून जरा सविस्तर. ११७६मध्ये एफईटी (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) हा सिग्नल आणि ग्राउंडच्या मधला बदलता रेझिस्टन्स असतो. तो जरासा उघडा ठेवायचा, उंबरठ्यावर उभ्या माणसासारखा. अटॅकचा (आवाज किती लवकर दाबायचा त्याचा) नॉब उलटा पूर्ण फिरवला की ‘टक’ होऊन कॉम्प्रेशन बंद पडतं. मग एक किलोहर्ट्झचा टोन सोडायचा, बायसचा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा छोटा नॉब) उलटा टोकाला न्यायचा आणि मीटरवर अधिक १ लावायचं. आता प्रीसेट सुलटा, केसाकेसाने. बराच वेळ सुई ढिम्म. मग एका जागी ती किंचित दबते. बरोबर एक डेसिबल उतरली की हात काढायचा. माझा हात तीनदा पुढे गेला. चौथ्यांदा श्वास रोखून केलं तेव्हा जमलं.

जुलैत शेजारच्या काकू गायला आल्या. गणपतीसाठी दोन नाट्यपदं ध्वनिमुद्रित करायची होती. खोली एक, माइक एक, आणि मागे तानपुरा. पहिला टेक ऐकून काकू म्हणाल्या, “अरे, मी थांबले की तानपुरा माझ्या अंगावर का येऊन राहिला आहे?”

बरोबर होतं त्यांचं. आवाज चढला की डबा सगळंच दाबतो, तानपुऱ्यासकट. स्वर संपला की पकड सुटते आणि तानपुरा फुगतो. पकड सावकाश सुटली तर कानाला कळत नाही. ड्रमसाठी जे फास्ट सेटिंग लोक डोक्यावर घेतात, ते आपल्या संगीतात एका माइकवर चालत नाही. मी म्हटलं, काकू, नॉब चुकला असेल, कारण ११७६वर सगळं उलटं असतं, ७ म्हणजे सगळ्यात जलद. पाहिलं तर रिलीज (पकड सुटायचा वेळ) १वरच होता, सगळ्यात मंद.

रात्री टोन चालू-बंद करून कॉम्प्युटरवर घेतला आणि लाट मोजली. १.१ सेकंद यायला हवा, आला जेमतेम ०.४. मे महिन्यात मी स्वतः मोजला होता, तेव्हा बरोबर होता.

संशय पॉटवर, म्हणजे नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरवर गेला. रिलीजचा पॉट ५ मेगचा (मेगओहमचा) असतो. महाराणी रोडवर चार दुकानं फिरलो. चौथा म्हणाला, “भिया, पाँच मेग कौन रखता है? एक-एक मेग के पाँच ले जाओ, सीरीज में लगा देना.” हसून दोन चहा झाले, पॉट मिळाला नाही. घरी येऊन जुन्याच पॉटला कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पंचवीस वेळा फिरवला. फरक शून्य.

उलगडा अपघाताने झाला. दिवसभर झड लागलेली, बोर्ड दमट वाटला म्हणून बायकोचा ड्रायर मारला आणि सहज मोजलं तर १ सेकंद! तासाभराने परत घसरला. तेव्हा भिंग घेऊन बोर्ड उलटा केला. मी नवे कंडेन्सर लावताना जे फ्लक्स (टाके लावताना वापरायचा राळेसारखा पदार्थ) सांडलं होतं, ते तांबूस काकवीसारखं टाक्यांच्या मधे तसंच चिकटलेलं. उन्हाळ्यात ते कोरडं होतं, पावसाची हवा पिऊन वीज झिरपू द्यायला लागलं. एरवी इतकी गळती कोणाच्या खिजगणतीत नसते, पण जिथे ५ मेगच वाट अडवतो तिथे शेजारून आणखी ५ मेगची वाट फुटली की वेळ निम्म्यावर येतो. म्हणजे जुना डबा बरा होता, बिघाड मी घातला.

आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश, दोन वेळा धुणं, आणि तिसऱ्यांदा फक्त त्या कोपऱ्यात. फॅनखाली रात्रभर ठेवला. सकाळी बाहेर पाऊस तसाच, रिलीज मोजला तर १.०८ सेकंद.

काकूंना परत बोलावलं. दाबण्याचं प्रमाण ४:१, अटॅक ३, रिलीज १, सुई तीन-चार डेसिबलच्या पलीकडे जाऊ दिली नाही. तानपुरा जागेवर बसला. वरच्या षड्जावर आवाज किंचित जाड होतो, तो मला हवा तसा आहे. काकूंच्या मते आवाज “सर्दी झाल्यासारखा” येतो. दोन्ही टेक ठेवलेत.

टेबलाखाली दोन व्ही७२ प्रीअँप (माइकचा आवाज वाढवणारे डबे) वाट पाहताहेत. जर्मन असल्यामुळे २२०चे, तिथे ११५ची भानगड नाही, पण गेन (आवाजाची वाढ) ३४ डेसिबलचा ठरलेला आणि फँटम (काही माइकांना लागणारी वीज) बाहेरून द्यावा लागेल. त्यांना दिवाळीनंतर हात लावीन. आधी ११७६च्या मीटरचा दिवा. तो गेलाय, आणि गाताना सुई दिसली पाहिजे असं काकूंनी बजावलंय.