प्रेम आहे, मग हिशेब कशाला?

तुम्ही विचारलंत, "एकमेकांवर प्रेम असेल तर घरात कोणी किती काम केलं हे मोजायचं कशाला?" पुरुष हे विचारतात तसं बायकाही विचारतात, जरा ओशाळून. खरं तर हिशेब सुरूच असतो, पण मनातल्या मनात. आणि मनातला हिशेब हमखास चुकतो.

रॉस आणि सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं होतं, की घरकामात तुमचा वाटा किती? 1979 साली त्यांचा निष्कर्ष छापून आला. दोघांचे वाटे मिळवले, तर बेरीज बहुतेकदा शंभर टक्क्यांच्या वर जात होती. यात लबाडी नव्हती. आपण केलेलं आपल्याला आठवतं, दुसऱ्यानं केलेलं आपण पाहिलेलंच नसतं. भ्रम दोघांनाही असला तरी ओझं सारखं नसतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2018 च्या अहवालानुसार जगात बाई रोज सरासरी 4 तास 25 मिनिटं बिनपगारी काम करते, पुरुष 1 तास 23 मिनिटं.

म्हणून एक आठवडा कागदावर लिहा. नुसतं 'कोणी केलं' एवढंच लिहू नका. प्रत्येक कामापुढे चार रकाने हवेत: लक्षात कोणाच्या आलं, ठरवलं कोणी, केलं कोणी, नीट झालं का हे पाहिलं कोणी. बाळाची लस घ्या. तारीख जवळ आली हे आठवणं, कार्ड शोधणं, वेळ घेणं, कामावरून सुट्टी मागणं, बाळाला नेणं, रात्री ताप येतोय का ते बघणं, पुढची तारीख टिपून ठेवणं. यातलं नेणं तेवढं सगळ्यांना दिसतं. 'मी नेलं की!' हे अगदी खरं असतं, पण ते सातातलं एक झालं.

वाटणी करताना कामांची संख्या मोजली की फसगत होते. बल्ब सवडीनं बदलता येतो, भुकेलं मूल थांबत नाही. त्यापेक्षा दोघांना निवांत वेळ किती मिळतो ते मोजा, तो सारखा यायला हवा.

दुसरी चूक 'मदती'ची. "सांग ना, मी करतो" म्हटलं की करणं त्याच्याकडे जातं, आठवण ठेवणं तिच्याकडेच राहतं. काम द्यायचं तर चारही रकान्यांसकट द्यायचं, आणि निदान महिनाभर परत घ्यायचं नाही. 'झालं' म्हणजे काय, हे आधीच बोलून घ्यावं. कपडे कोरडे आणि कपाटात, एवढं ठरलं असेल तर घड्या वाकड्या असल्या तरी काम झालं. तिनं त्या पुन्हा घातल्या की काम गुपचूप तिच्याकडे परत येतं.

इथं प्रश्न स्वतःला स्वीकारण्यापाशी येऊन ठेपतो. 'माझ्यावाचून अडतं' यावर स्वतःची किंमत ठरवायची सवय लागलेली असेल, तर दुसरा राबत असताना बसून राहणं भयंकर अवघड जातं. अर्ध्या तासापासून सुरुवात करावी. त्याच खोलीत बसायचं, उठायचं नाही, सूचनाही द्यायच्या नाहीत. पहिले काही दिवस नुसती घालमेल होईल. घालमेल होते म्हणून आपण चुकतोय असं नाही, सवय मोडतेय इतकंच. (आणि आळशी म्हणवून घ्यायला काही हरकत नसते, कधीतरी म्हणवून घ्यावंच.)

हा कागद समोर ठेवायचीच भीती वाटत असेल, मारहाणीची, घराबाहेर काढलं जाण्याची, पैसे बंद केले जाण्याची, तर तो ठेवू नका. तिथं भांडण वाटणीचं उरलेलं नसतं. आधी घराबाहेरच्या एका विश्वासू माणसाला सगळं सांगा, स्वतःची कागदपत्रं आणि थोडे पैसे हाताशी राहतील असं बघा.