थिनर नेमकं जातं कुठे?

मोटारींच्या कारखान्यातून हवेत जाणाऱ्या बाष्पशील सेंद्रिय संयुगांचा, म्हणजे व्हीओसीचा, सर्वांत मोठा वाटा पेंट शॉपचा असतो. रंग पातळ ठेवणारा द्रव, म्हणजे सॉल्व्हंट (थिनर हाही त्यातलाच), उडतो, उन्हात नायट्रोजनच्या ऑक्साइडांबरोबर त्याची अभिक्रिया होते आणि जमिनीलगत ओझोन तयार होतो. दमेकऱ्यांना तो फार जाचतो. हे उत्सर्जन कमी करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी आधी चिमणीच गाठली.

रंग वाळवायच्या ओव्हनची हवा आमच्याकडे आधीपासूनच थर्मल ऑक्सिडायझरमध्ये जात होती. तिथे सुमारे 800 अंश सेल्सिअसला वाफा जळतात. मोजमाप उत्तम आलं. पण स्टोअरमधून थिनरची पिंपं काही कमी उचलली जात नव्हती. मग शिफ्ट सुपरवायझर आणि मी वही घेऊन बसलो: आणलेला सॉल्व्हंट किती, परत गोळा झालेला किती, रंगाच्या गाळातून बाहेर गेलेला किती. वजाबाकी करून उरेल तो हवेत. तो आकडा चिमणीच्या मापाशी जुळेना.

शेवटी एक अख्खी पाळी मी बूथपाशी, म्हणजे रंग फवारायच्या बंदिस्त खोलीपाशी, उभा राहिलो. पांढऱ्यानंतर लाल, लालनंतर राखाडी. दर वेळी रंग बदलला की रोबोटची गन थिनरने धुतली जायची आणि ते थिनर सरळ बूथमध्येच फवारलं जायचं. बूथमधून हवा इतकी प्रचंड वाहते की तिच्यातल्या वाफा अगदी विरळ होतात. ती सगळी जाळायची तर इंधन परवडत नाही, म्हणून ती तशीच बाहेर सोडलेली. कोपऱ्यात पुसायच्या फडक्यांची उघडी बादली होती, तीही दिवसभर उडतच होती.

बादलीला त्याच दिवशी झाकण आलं. रोबोटशेजारी धुण्याचं थिनर धरणारी बंद भांडी बसवली. एका रंगाच्या बॉडी सलग लावायला नियोजन विभागाला राजी करणं मात्र जड गेलं. आणि उत्साहाच्या भरात मी धुण्याची वेळ जास्तच कमी केली. लालनंतरच्या पांढऱ्या बॉनेटवर, अगदी कडेला, गुलाबी ठिपके उठले. त्या बॉडी घासून पुन्हा रंगवाव्या लागल्या, म्हणजे वाचवलेला सॉल्व्हंट तिथेच गेला. पुढे वेळ थोडी थोडी वाढवत ठिपके थांबतील तिथे आणून ठेवली.

सर्वांत जास्त दिवस खाल्ले ते पाण्यावरच्या बेसकोटने, म्हणजे गाडीला तिचा रंग देणाऱ्या थराने. त्यातही थोडा सॉल्व्हंट असतोच, पण जुन्या बेसकोटच्या मानाने फारच कमी. पाणी मात्र सावकाश उडतं. बूथचं तापमान आणि आर्द्रता जराही हलली की रंग ओघळतो, म्हणून क्लिअरकोटच्या, म्हणजे वरच्या पारदर्शक थराच्या, आधी गरम हवेचा एक टप्पा घालावा लागला.

क्लिअरकोट अजून सॉल्व्हंटवरचाच आहे. त्याच्या बूथची हवा जिओलाइट या वाफा शोषून धरणाऱ्या सच्छिद्र खनिजाच्या फिरत्या चाकातून नेऊन वाफा दाट करायच्या आणि मग ऑक्सिडायझरला द्यायच्या, याची तयारी सध्या चालू आहे.